जोडी कोण लावतो? सैन्यभरती, गणित आणि सातारा-सांगलीचे जुने कोष्टक

१/
सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन नावे १९९८ मध्ये एका महानगरपालिकेच्या नावात गुंफली गेली. त्यांतील कुपवाड बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. पहिल्या पाळीचे कामगार वसाहतीकडे निघतात, त्या पहाटेच्या वेळी सांगली-साताऱ्यातील मैदानांवर आणि रस्त्यांच्या कडेला आणखी एक लगबग चालू असते : सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांची धाव. १६०० मीटरचे अंतर, घड्याळ धरून उभा असलेला एखादा निवृत्त हवालदार आणि सेकंदासेकंदाचा हिशेब.

२/
निवड होणार की नाही, या एकाच प्रश्नाने ही मुले आणि त्यांची घरे झपाटलेली असतात. त्यामागून येणारा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही : निवड झाल्यावर काम कोणते? कोणाच्या हाती रायफल येईल, कोणाच्या हाती ट्रकचे चाक, कोणाच्या हाती वायरलेसचा संच आणि कोणाच्या हाती भांडाराची नोंदवही? गणिताने या प्रश्नाला नाव दिले आणि सुमारे सत्तर वर्षांपूर्वी उत्तरही दिले. सातारा-सांगलीच्या मातीत मात्र याच प्रश्नाचा त्याहून जुना आणि कडवट इतिहास आहे. हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहिले, तर आजच्या भरतीविषयी काय मागावे हे स्पष्ट होते.

३/
आधी गणित. तीन जवान आणि तीन कामे घ्यावीत. प्रत्येक जवानाची प्रत्येक कामासाठी चाचणी झाली आणि दहापैकी गुण मिळाले, असे समजावे. आकडे अर्थातच उदाहरणापुरते.

पहिला जवान : वाहनचालक ९, वायरलेस ८, भांडार ५
दुसरा जवान : वाहनचालक ८, वायरलेस ४, भांडार ३
तिसरा जवान : वाहनचालक ६, वायरलेस ७, भांडार ६

सर्वांत मोठा आकडा ९. म्हणून पहिल्याला गाडी द्यावी, असे कोणीही म्हणेल. उरलेल्यांत मोठा आकडा तिसऱ्याचा ७, त्याला वायरलेस. दुसऱ्याच्या वाट्याला भांडार, गुण ३. एकूण १९.

४/
आता दुसरी मांडणी. पहिल्याला वायरलेस (८), दुसऱ्याला गाडी (८), तिसऱ्याला भांडार (६). एकूण २२. शक्य असलेल्या सहाही मांडण्यांत हीच सर्वोत्तम ठरते. गंमत अशी की तुकडीतील सर्वांत चांगला चालक या मांडणीत गाडी चालवतच नाही, कारण तो वायरलेसवरही तितकाच चालतो आणि दुसरा जवान गाडीखेरीज कोठेच चालत नाही. तेव्हा ‘ज्याला जे उत्तम येते ते त्याला द्यावे’ हा नियम वरवर शहाणपणाचा वाटला, तरी सगळ्या तुकडीचा विचार करता तो तोट्याचा ठरू शकतो. एका माणसाची योग्यता इतरांच्या योग्यतेच्या संदर्भातच मोजावी लागते, हा या गणिताचा गाभा.

५/
तीन माणसे आणि तीन कामे यांच्या मांडण्या सहा. दहा माणसे आणि दहा कामे झाली की त्याच मांडण्या ३६,२८,८०० होतात. रॉबर्ट थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये सैनिकांच्या वर्गीकरणावर लिहिताना एक किस्सा नोंदवला आहे. हा प्रश्न एका गणितज्ञापुढे ठेवला असता त्याने तो निकालात काढला : मांडण्यांची संख्या मर्यादित आहे, सगळ्या तपासाव्यात आणि सर्वोत्तम ती निवडावी, यात प्रश्न तो कसला? लाखो जवानांच्या नेमणुका करणाऱ्या माणसाला या उत्तराचा उपयोग शून्य होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १ कोटी २० लाख माणसांची वर्गीकरण चाचणी घेतली होती. गुणांचे ढीग तयार होते, त्यांतून सर्वोत्तम मांडणी काढण्याची रीत तयार नव्हती.

६/
ती रीत १९५५ मध्ये हॅरॉल्ड कून याने मांडली. डेनेस केनिग आणि येनो एगेरवारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामाचा आधार तिला होता. एगेरवारीचा १९३१ मधील निबंध हंगेरियन भाषेत होता, म्हणून कूनने व्याकरण आणि शब्दकोश हाताशी घेऊन तो स्वतः उलगडला आणि कृतज्ञतेने पद्धतीचे नाव ठेवले ‘हंगेरियन पद्धत’. कूनचा निबंध प्रसिद्ध झाला तो नौदलाच्या रसदशास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात. पुढे ध्यानात आले की याकोबी या जर्मन गणितज्ञाने शतकापूर्वीच हे कोडे सोडवून ठेवले होते. त्याचे ते लॅटिन लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १८९० मध्ये छापले गेले आणि विस्मरणात गेले.

७/
महाराष्ट्रातील बारावी वाणिज्य शाखेच्या गणितात हाच ‘असाइनमेंट प्रॉब्लेम’ आज शिकवला जातो. प्रत्येक ओळीतून लहानात लहान आकडा वजा करायचा, मग प्रत्येक स्तंभातून, मग शून्यांवर रेषा ओढायच्या : ही कसरत कुपवाडच्या कितीतरी मुलामुलींनी वहीत केलेली असते. चार यंत्रे आणि चार कामगार यांची जोडी लावताना कारखान्यातील फोरमन मनातल्या मनात तीच कसरत करत असतो. तेव्हा जोड्या लावण्याचे गणित आता कोणाही देशाचे गुपित राहिलेले नाही. ते सुटलेले आहे, संगणक ते क्षणात करतो आणि त्यात चूक करत नाही.

८/
येथेच खरा प्रश्न उभा राहतो. हंगेरियन पद्धत कोष्टकातील आकडे वापरते. ते आकडे तिला कोणीतरी द्यावे लागतात. दुसऱ्या जवानापुढे भांडारासाठी ३ हा आकडा कोणी लिहिला? कोणत्या चाचणीवरून? की त्याचे गाव, त्याचे आडनाव, त्याच्या बापाचा धंदा पाहून? गणित याविषयी मूक असते. चुकीचा आकडा दिला तर ते त्या चुकीवर आधारलेली सर्वोत्तम मांडणी निर्दोषपणे काढून देते. म्हणून सैन्यातील नेमणुकांचा इतिहास म्हणजे मुख्यतः कोष्टक कोणी भरले, याचा इतिहास आहे. तो सातारा-सांगलीइतका स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतो.

९/
संगणकाच्या कितीतरी आधीही जोड्या लावण्याचे नियम होतेच. मराठी फौजेत ज्याच्याजवळ स्वतःचा घोडा आणि हत्यार असे तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी पागेचा घोडा मिळे तो बारगीर : येथे नेमणुकीचा निकष मालमत्ता होता. शिवकाळातील गडांची व्यवस्था सांगताना सभासदाची बखर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी नोंदवते आणि ते वेगवेगळ्या जातींचे असावेत असा दंडक सांगते. गड एकाच गटाच्या हाती जाऊ नये, एकाचा दुसऱ्यावर वचक राहावा, हा त्यामागचा हेतू. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही दूरदृष्टी होती. पण काम आणि जन्म यांची सांगडही तीतच होती, हे विसरून चालत नाही.

१०/
इंग्रजांच्या मुंबई फौजेने आरंभी ही सांगड बरीच सैल ठेवली होती. एकोणिसाव्या शतकात तिच्या पलटणींत महार शिपायांची संख्या मोठी होती. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची स्मृती जपणाऱ्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी जी नावे कोरलेली आहेत, ती याची साक्ष देतात. फौजेने या माणसांना पगार दिला, हुद्दा दिला आणि त्याहून मोलाची गोष्ट दिली ती म्हणजे छावणीतील शाळा. गावात ज्यांच्या मुलांना पाटी मिळत नव्हती, त्यांच्या मुलांना पलटणीत अक्षर मिळाले.

११/
सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे या व्यवस्थेचे फळ. फौजेने त्यांच्यातील शिक्षक ओळखला आणि त्यांना लष्करी शाळेत मुख्याध्यापक केले. माणूस आणि काम यांची याहून नेमकी जोडी शोधून सापडणार नाही. निवृत्तीनंतर हे कुटुंब साताऱ्यात राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजींचा धाकटा मुलगा भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. महाराष्ट्रात हा दिवस आज विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. तेव्हाच्या सातारा जिल्ह्याचा विस्तार मोठा होता. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली जिल्हा झाले. कुपवाड आज याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे ही कथा कुपवाडला परकी नाही.

१२/
भीमराव साताऱ्याच्या शाळेत पोहोचला, तोवर त्याच्या वडिलांना वर नेणारा तो दरवाजा बंद झालेला होता. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. काही जमाती जन्मतः लढवय्या, इतर जन्मतः दुबळ्या, असे हे मत. १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची भरती थांबवण्यात आली. चाचणी झाली नाही, कामगिरीचा हिशेब मांडला गेला नाही. एका संपूर्ण समाजापुढे ‘सैनिक’ या स्तंभात शून्य लिहिले गेले. ज्यांच्या आज्यापणज्यांची नावे विजयस्तंभावर होती, त्यांच्या पुढे.

१३/
या कोष्टकाला पुढे छापील रूपही मिळाले. भरती अधिकाऱ्यांसाठी एकेका ‘वर्गा’ची मार्गदर्शक पुस्तके निघाली. मेजर बेथम यांचे मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरील पुस्तक १९०८ चे. अशा पुस्तकांत त्या त्या वर्गाचा इतिहास, कुळे, चालीरीती आणि भरतीचे प्रदेश यांची माहिती असे. वरून पाहता सगळे शास्त्रीय : वर्गीकरण, याद्या, जिल्हे. फक्त प्रत्यक्ष समोर उभा असलेला तरुण काय करू शकतो, हे पाहण्याची गरज त्या शास्त्राला वाटत नव्हती. ते आधीच ठरलेले होते.

१४/
ज्यांना शून्य मिळाले ते गप्प बसले नाहीत. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुन्हा मांडली. या अर्जांकडे केवळ जातीय गाऱ्हाणे म्हणून पाहणे अपुरे आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर ती कोष्टकातील आकड्याविरुद्धची अपिले होती : हा आकडा कोणत्या पुराव्यावर लिहिला, ते दाखवा. पुरावा नव्हताच, त्यामुळे उत्तरही येणार नव्हते.

१५/
उत्तर आणले ते गरजेने. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरले आणि १९२१ मध्ये ती मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच टंचाई आली. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर डॉ. आंबेडकरांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभारली गेली. १९४६ मध्ये तिचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले. ज्यांना पन्नास वर्षांपूर्वी साधी बंदूक धरण्यास अपात्र ठरवले होते, त्यांच्या हाती पायदळातील सर्वांत तांत्रिक शस्त्र सोपवले गेले. शरीर तेच होते, गावे तीच होती. बदलला होता तो कागदावरचा आकडा.

१६/
कोष्टकात वरचा आकडा मिळणे हेही निखळ भाग्य नव्हे. दीर्घ शांततेने मुंबई फौजेतील मराठ्यांचे जुने लढवय्येपण ओसरले आहे, असे मत रॉबर्ट्स यांनी आपल्या आठवणींत नोंदवले होते. पुढे मेसोपोटेमियात, कुट-अल-अमाराच्या वेढ्यात, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी महिनोन्‌महिने उपासमार सोसत झुंजल्या आणि मराठ्यांविषयीचा शेरा बदलला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. हे गाव आज ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. या नावात अभिमान आहे, तसा एका गावाने मोजलेला हिशेबही आहे. एका स्तंभात शून्य मिळालेला समाज पोटाला मुकतो. दुसऱ्याच स्तंभात दहापैकी दहा मिळालेले गाव पिढ्यान्‌पिढ्या तेवढ्याच एका कामासाठी धरले जाते, आणि त्याच्यातील गवंडी, गणिती वा शिक्षक कोणी शोधत नाही.

१७/
‘पण हे जुने पूर्वग्रह होते, चाचण्या आल्यावर ते संपले’ असे कोणी म्हणेल. अमेरिकेचा अनुभव तसे सांगत नाही. १९१७-१८ मध्ये रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे सुमारे १७ लाख माणसांची ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ बुद्धिमापन चाचणी झाली. अल्फा वाचता येणाऱ्यांसाठी, बीटा निरक्षरांसाठी आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी. अल्फातील कित्येक प्रश्न अमेरिकी खेळ आणि अमेरिकी बाजारातील मालावर होते. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या स्थलांतरिताला त्यांची उत्तरे येणार कोठून? तरी गुणपत्रिकेवर त्याची नोंद झाली ती अल्पबुद्धी म्हणून.

१८/
कार्ल ब्रिघम यांनी याच आकड्यांच्या आधारे १९२३ मध्ये पुस्तक लिहून काही वंशांना बुद्धीने श्रेष्ठ आणि काहींना हीन ठरवले. १९३० मध्ये त्यांनीच आपले ते निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीरपणे मान्य केले. ही प्रांजळता दुर्मिळ म्हणावी लागेल. तरीही सात वर्षे तो निष्कर्ष शास्त्र म्हणून वावरला. रॉबर्ट्स यांच्या हाती फक्त मत होते, ब्रिघम यांच्या हाती लाखो आकडे होते. पूर्वग्रह आकड्यांच्या वेषात आला की त्याला ओळखणे अधिक कठीण होते, एवढाच काय तो फरक.

१९/
पूर्वग्रह नसतानाही कोष्टक बिघडते. १९७६ पासून अमेरिकी सैन्यदले भरतीसाठी एकच सामायिक चाचणी वापरू लागली. तिचे गुण जुन्या मोजपट्टीशी जुळवताना हिशेब चुकला आणि १९८० पर्यंत अपेक्षेहून कमी गुणांची लाखो माणसे पात्र ठरत राहिली. संगणक त्या काळातही नेमाने काम करत होता. पुढे प्रश्न विचारला गेला : या चाचणीत चांगले गुण मिळवणारा जवान प्रत्यक्ष कामात चांगला ठरतो, याला आधार काय? तो शोधण्यासाठी १९८० च्या दशकात ‘प्रोजेक्ट ए’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात जवानांची प्रत्यक्ष कामगिरी मोजून ती भरतीच्या गुणांशी ताडून पाहिली गेली. या साऱ्या इतिहासातील सर्वांत अनुकरणीय गोष्ट हीच. आकडा लिहिणाऱ्याने पुढे जाऊन आकडा तपासला.

२०/
आणि तपासलेल्या आकड्यालाही मर्यादा असते. ९ एप्रिल १९४५, इटलीतील सेनिओ नदी. अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत कंपनी रनर होते, म्हणजे निरोप पोहोचवणे हे त्यांचे नेमून दिलेले काम. भोवतीचे सहकारी पडले तेव्हा त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एकेक करून सुरक्षित आणले. मग एकट्याने शत्रूची तीन मशीनगन ठाणी उद्ध्वस्त केली आणि बांधावर उभे राहून रणघोष करीत कंपनीला पलीकडे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘रनर’ या स्तंभात यातले काहीच लिहिलेले नसते. माणूस त्याच्यापुढच्या आकड्याहून मोठा असतो, हे कोणत्याही प्रतिमानाने गृहीत धरूनच काम केले पाहिजे.

२१/
येथवर एका गोष्टीचा उल्लेखच आला नाही : त्या जवानाला स्वतःला काय हवे? आरंभीच्या उदाहरणातील पहिल्या जवानाला गाडीच चालवायची असेल तर? हंगेरियन पद्धत तुकडीचे एकूण गुण पाहते, त्याची इच्छा विचारत नाही. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी दोन्ही बाजूंचे पसंतिक्रम घेऊन स्थिर जोड्या लावण्याची रीत मांडली. २०१२ मध्ये शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच परंपरेतील कामासाठी. अमेरिकी सैन्याने २०२० पासून नव्या अधिकाऱ्यांना शाखा देताना कॅडेटचा पसंतिक्रम आणि शाखेची गरज यांचा असा गणिती मेळ घालणे सुरू केले. शिस्तीवर उभे असलेले सैन्यही माणसाला ‘तुला काय हवे’ असे विचारू शकते आणि त्यामुळे शिस्त ढळत नाही, याचा हा पुरावा.

२२/
आता पुन्हा कुपवाड. येथील तरुण भरतीला जातो तो कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयामार्फत. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि भरती ‘अखिल भारतीय, सर्व वर्गीय’ तत्त्वावर होईल असे सांगितले गेले. रॉबर्ट्स यांच्या कोष्टकाला तत्त्वतः तरी ही मूठमाती आहे. जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लर्क-स्टोअरकीपर, ट्रेड्समन असे वर्ग आहेत. आधी संगणकावरील सामायिक परीक्षा, मग मैदान, मग गुणवत्ता यादी. जन्माऐवजी गुण, हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

२३/
पण याच योजनेने कामाच्या निवडीचे मोल अनेकपटींनी वाढवले आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात कायम होणार, उरलेले घरी परतणार. पूर्वी जवान पंधरा-सतरा वर्षे सेवा करून निवृत्तिवेतन घेऊन येई. त्याने सैन्यात कोणते काम केले, यावर त्याची चूल अवलंबून नसे. आता विशी-पंचविशीत परतणाऱ्या तरुणाला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मागताना विचारले जाईल : काय येते? वाहनदुरुस्ती, विजेचे काम, भांडाराचा हिशेब असे काही आले तर दार उघडते. म्हणजे चार वर्षांपूर्वी कोष्टकात पडलेला एक आकडा त्याचा पुढील चाळीस वर्षांचा रस्ता ठरवणार आहे.

२४/
म्हणून नेमणुकांसाठी गणिती प्रतिमाने वापरण्याला विरोध करणे शहाणपणाचे नाही. साहेबाची मर्जी, गाववाल्याची ओळख आणि ‘यांच्याकडून हेच होणार’ हा शेरा, यांपेक्षा उघडे गणित केव्हाही बरे. मात्र चार अटी लावण्याचा अधिकार या भूमीच्या इतिहासाने दिला आहे. पहिली, कोष्टकात जन्माचा स्तंभ नसावा, आडमार्गानेही नसावा. गाव, शाळेचे माध्यम, बापाचा धंदा हे जातीचेच मुखवटे होऊ शकतात. दुसरी, भरतीचे गुण आणि पुढची कामगिरी यांचा ताळा नियमितपणे घेतला जावा. तिसरी, जवानाच्या पसंतीला आणि सेवेनंतरच्या आयुष्याला गणितात वजन असावे. चौथी, ज्याच्यापुढे आकडा लिहिला त्याला तो पाहता यावा आणि त्यावर दाद मागता यावी.

२५/
सैन्याची गरज आधी, व्यक्तीची इच्छा नंतर, हा आक्षेप वजनदार आहे. युद्धात कोणाला तरी खंदकात उभे राहावेच लागते आणि सगळेच पसंतीने तेथे जाणार नाहीत. पण या चार अटींपैकी एकही सैन्याची गरज नाकारत नाही. उलट इतिहास सांगतो की चुकीच्या कोष्टकाने सैन्याचेच नुकसान केले. १८९० नंतर पलटणींनी जे जवान आणि जे शिक्षक गमावले, त्यांची भरपाई १९१७ मध्ये आणि १९४१ मध्ये घाईघाईने करावी लागली. न्याय आणि उपयुक्तता येथे परस्परविरोधी नाहीत. खोटा आकडा दोघांनाही सारखाच बुडवतो.

२६/
वलंगकरांनी अर्ज लिहिला तेव्हा त्यांच्यापुढे एक चेहरा तरी होता : सरसेनापती, सरकार, साहेब. उद्या नेमणूक संगणकाने केली तर अर्ज कोणाच्या नावे करायचा, हेही कळेनासे होईल. ‘सिस्टीमने दिले’ हे उत्तर ‘तुमची जमात लढाऊ नाही’ या उत्तराइतकेच बंद दार ठरू शकते. ते तसे ठरू नये यासाठी कोष्टक वाचता येणारी पिढी हवी. ती पिढी कुपवाडच्या एखाद्या वर्गात बारावीच्या वहीवर शून्यांवरून रेषा ओढत बसलेली आहे आणि पहाटे मैदानावर धावतेही आहे. गणित तिला येतेच. सेकंदांचा हिशेब ती रोज ठेवते. आपल्यापुढचा आकडा कोणी लिहिला आणि कशावरून लिहिला, हे विचारण्याची सवय तेवढी तिने लावून घ्यायची आहे.

(थ्रेड समाप्त)